शिक्षण-संशोधनाचा सरकारी पैसा : रमण्यापासून वाळूजपर्यंत

महाराष्ट्रात विद्येसाठी सरकारी तिजोरीतून पैसा देण्याची रीत इंग्रजी अमलाच्याही आधीची आहे. विद्या कशी दिली जाते, कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, याचा शोध घेण्यासाठी पैसा देण्याची रीत मात्र गेल्या साठ-पासष्ट वर्षांतली. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्याच्या पश्चिमेचा वाळूज-गंगापूर पट्टा इथे तर ती आणखी उशिरा पोहोचली. या दुसऱ्या पैशाला स्वतःचे असे खाते क्वचितच मिळाले. तो कधी पंडितांच्या दक्षिणेतून, कधी परदेशी कर्जाच्या प्रकल्पातून, तर कधी प्राध्यापकांच्या बढतीच्या नियमांतून वाट काढत आला. म्हणून त्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात दक्षिणेपासूनच करावी लागते.

सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावला सुरू केलेले श्रावणातले दक्षिणावाटप पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवले. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात ब्राह्मण जमत. वेदशास्त्रांत परीक्षा देऊन उतरलेल्या विद्वानांना मोठी रक्कम मिळे, बाकीच्यांच्या हातावर थोडेफार पडे. लेखी अर्ज नसला तरी छाननी होती, आणि छाननी करणारे व घेणारे एकाच वर्तुळातले होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ही रीत एकदम मोडली नाही. नव्या सत्तेविषयी शास्त्रीमंडळींत असंतोष नको, हा हिशोब त्यामागे उघड होता. पन्नास हजार रुपयांची तरतूद चालू राहिली आणि त्याच निधीच्या आधारे १८२१ मध्ये कमिशनर चॅप्लिनच्या कारकिर्दीत विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली.

याच दशकात मुंबई सरकारने कलेक्टरांकडून गावोगावच्या पंतोजींच्या शाळांची माहिती मागवली. शाळा किती, मुले किती, पंतोजीला मोबदला काय मिळतो, शिकवतात काय, असे प्रश्न त्यात होते. मद्रासेत मन्रोने आणि पुढे बंगालमध्ये विल्यम ॲडमने अशाच पाहण्या केल्या. शिक्षणाविषयीचे हे पहिले पद्धतशीर सरकारी संशोधन म्हणावे लागेल, पण त्यासाठी कोणाला अनुदान मिळाले नव्हते. मामलेदार-कारकुनांनी महसुलाच्या कामाबरोबर तेही उरकले, आणि उरकण्याच्या खुणा त्या आकड्यांत दिसतात. घरी शिकणारी मुले बहुधा मोजलीच गेली नाहीत. पुढे शंभरहून अधिक वर्षांनी शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकरांनी ही जुनी कागदपत्रे संपादित करून प्रसिद्ध केली, तेव्हा कंपनी सरकारच्या दप्तरात पडून राहिलेली ही माहिती अभ्यासकांच्या हाती आली.

दक्षिणेच्या पैशाचे स्वरूप बदलले ते एका अर्जामुळे. १८४९-५० च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी सरकारकडे मागणी केली की, या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. सनातनी पुण्यात यावरून मोठा गहजब झाला. अखेर १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. लेखकाने हस्तलिखित पाठवायचे, कमिटीने वाचायचे, पसंत पडले तर बक्षीस द्यायचे. जन्माने मिळणारा पैसा आता कागदावर मागता येऊ लागला, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र वाचणारे कोण, हा प्रश्न तसाच उरला.

त्याचे उत्तर जोतीराव फुल्यांना १८५५ मध्ये मिळाले. मुलींच्या शाळांसाठी त्यांना सरकारी मदत मिळाली होती, १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात त्यांचा जाहीर सत्कारही झाला होता. पण अज्ञानी कुणबी जोडप्याला लुबाडणारा भिक्षुक आणि त्यावर उपाय म्हणून शिक्षण, असा विषय असलेले ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी कमिटीकडे पाठवले, तेव्हा ते नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले. शाळा चालवायला मदत करणाऱ्या व्यवस्थेला, शिक्षण का पोहोचत नाही हे सांगणारे लिखाण नको होते. मराठीतल्या नामंजूर प्रस्तावांच्या दीर्घ परंपरेचा हा ठळक आरंभ म्हणता येईल. आजच्या तज्ज्ञ समित्यांवर बसणाऱ्यांनीही तो प्रसंग एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही.

१९ जुलै १८५४ च्या वूडच्या खलित्याने अनुदान ही गोष्ट नियमात बसवली. खाजगी शाळेला सरकारने मदत द्यावी, पण तिची तपासणी करावी, व्यवस्थापन जबाबदार असावे, शक्यतो विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घ्यावी, अशा अटी त्यात होत्या. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉबर्ट लोच्या पद्धतीचे अनुकरण करून निकालानुसार अनुदान सुरू झाले. इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार, पास झालेल्या डोक्यांगणिक शाळेला रक्कम मिळणार. परिणाम व्हायचा तोच झाला. शाळा पाठांतराच्या कारखान्यांसारख्या झाल्या आणि इन्स्पेक्टरच्या भेटीच्या दिवसाला सगळ्या वर्षापेक्षा जास्त महत्त्व आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, कर्झनच्या धोरणानंतर, ही पद्धत मागे पडली. पण मोजता येईल त्याचाच पैसा द्यायचा ही सवय मात्र खात्याला कायमची जडली.

या अनुदानाची दिशाच चुकली आहे, असे फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, म्हणून प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च करावा, हे त्यांचे म्हणणे होते. त्याला कोणत्याही संस्थेचा आधार नव्हता. शाळा चालवण्याचा अनुभव आणि डोळसपणे केलेले निरीक्षण एवढेच भांडवल होते. तरीही शिक्षणखर्चाच्या वाटपावरची ती त्या काळातली सर्वांत धारदार चिकित्सा ठरली.

संशोधनासाठी म्हणून सरकारी पैसा याच काळात प्रथम दिसतो, पण तो वेगळ्याच विषयाकडे वळला. दक्षिणा निधीतून फेलोशिप सुरू झाल्या, रा. गो. भांडारकर आणि म. गो. रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. १८६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितांच्या शोधासाठी खर्च मंजूर केला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन आणि स्वतः भांडारकर गावोगाव फिरून पोथ्या जमवू लागले. तो संग्रह पुढे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे सोपवला गेला. पोथ्यांच्या शोधाला सरकार पैसा देत होते, त्यांचे अहवाल छापत होते. पण ज्या गावात पोथी सापडली, त्या गावच्या शाळेत पोरे का येत नाहीत, हे विचारण्यासाठी तसा पैसा मिळत नव्हता.

हे सगळे मुंबई इलाख्यातले झाले. औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्यामुळे वूडचा खलिता, हंटर आयोग, मुंबईचे शिक्षणखाते यांचा तिथे थेट संबंध नव्हता. वाळूजसारख्या गावातल्या मराठी मुलाला पुढचे शिक्षण घ्यायचे तर उर्दूतून घ्यावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी शिक्षणाचा भार खाजगी संस्थांनी उचलला. औरंगाबादेत १९१५ मध्ये सरस्वती भुवनची शाळा निघाली, अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालय, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा. संस्थानी राजवटीत अशा शाळांकडे संशयाने पाहिले जाई. तिथे सरकारी पैसा म्हणजे सरकारी नजर, आणि ती नजर न घेता शाळा चालवणे हे या संस्थांना जास्त सोयीचे वाटले तर नवल नाही.

पण याच औरंगाबादेत संस्थानच्या आश्रयाने एक मोठे संशोधनकार्य चालले होते, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. शिक्षणखात्यात शाळा-निरीक्षक असलेले मौलवी अब्दुल हक १९१२ मध्ये अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे सचिव झाले आणि संस्थेचे कार्यालय त्यांच्याबरोबर औरंगाबादेला आले. १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक इथून निघू लागले. जुन्या दख्खनी हस्तलिखितांचे संपादन आणि शब्दकोशाचे काम इथे चालले. पुढे अब्दुल हक औरंगाबादच्या उस्मानिया इंटरमीजिएट कॉलेजचे प्राचार्यही झाले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अंजुमनचा मुक्काम दिल्लीला हलला. हेच निजाम सरकार पुण्याच्या भांडारकर संस्थेलाही महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी आणि तिथल्या अतिथिगृहासाठी देणगी देत होते. दरबाराची मर्जी उर्दूच्या कोशावर होती, संस्कृतच्या महाकाव्यावरही होती. औरंगाबाद सुभ्यातल्या मराठी शेतकऱ्याच्या पोराच्या शाळेवर तेवढी नव्हती.

ब्रिटिश मुंबईत दरम्यान शिक्षणशास्त्र हा विद्यापीठीय विषय झाला. मुंबई विद्यापीठाने १९३६ मध्ये एम.एड. पदवी सुरू केली, देशातली ही पहिली. परुळेकर साक्षरतेच्या आकड्यांची चिकित्सा करू लागले. त्यांच्या बरोबरीने पुढे आले ते जयंत पांडुरंग नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेले जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था उभी केली. ती १९७६ मध्ये पुण्याला आली. शिक्षण-संशोधनाच्या सरकारी पैशाचा नंतरचा इतिहास बराचसा या एका माणसाच्या हातून घडला आहे. सरकारात राहून सरकारला प्रश्न विचारण्याची सोय करून ठेवणे, ही त्यांची हातोटी होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादची निजामी राजवट संपली आणि मराठवाड्याचे चित्र पालटू लागले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. न्यायमूर्ती पळणीटकर समितीच्या शिफारशीवरून २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले एस. आर. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. संशोधनाचे सरकारी अनुदान अधिकृतपणे मागता येईल असे दार या भागात प्रथमच उघडले. १४ जानेवारी १९९४ रोजी या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाल्याने त्याचे कार्यक्षेत्र आटले.

दिल्लीत १९५० च्या दशकापासूनच पैसा देणाऱ्या संस्थांची मांडणी चालू होती. विद्यापीठ अनुदान आयोग १९५३ मध्ये सुरू झाला आणि १९५६ च्या कायद्याने त्याला वैधानिक रूप मिळाले. एनसीईआरटी १ सप्टेंबर १९६१ रोजी स्थापन झाली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, ही या आयोगाची शिफारस सर्वांना पाठ आहे. शैक्षणिक संशोधनावरचा खर्च वाढवत नेऊन राज्याच्या शिक्षणखर्चाच्या सुमारे एक टक्क्यापर्यंत न्यावा, असेही त्याने सुचवले होते, हे फारसे कोणी बोलत नाही. सहा टक्क्यांसाठी निदान भाषणे होतात. या एक टक्क्यासाठी तेही नाही.

१९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, स्थापन झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष, नाईक पहिले सदस्य-सचिव. दोन्ही पदांवर महाराष्ट्राची माणसे आणि दोघेही ग्रामीण वास्तवाचा कस लागलेले. प्रादेशिक केंद्रे काढून दिल्लीबाहेरच्या अभ्यासकाला हात द्यायचा, हा विचार या परिषदेने राबवला. पश्चिम विभागाचे केंद्र मुंबई विद्यापीठात आले. १९७४ मध्ये एनसीईआरटीने शालेय शिक्षणावरच्या संशोधनाला निधी देण्यासाठी ‘एरिक’ ही समिती नेमली. त्याच वर्षी बडोद्याहून प्रा. एम. बी. बुच यांनी संपादित केलेला शिक्षण-संशोधनाचा पहिला आढावा प्रसिद्ध झाला आणि देशात काय-काय झाले आहे हे एका जागी पाहता येऊ लागले. एम.एड. आणि पीएच.डी.च्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण या खंडांवरून उतरवले. त्यात बुचांचा दोष काहीच नाही.

मात्र दार उघडले म्हणजे आत जाता आलेच, असे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचे दोन आकडे मराठवाड्यातल्या प्रत्येक प्राचार्याला तोंडपाठ असतात : २ (एफ) आणि १२ (बी). पहिल्यात महाविद्यालयाची नोंद होते. दुसऱ्यात, १९७२ नंतर, केंद्रीय अनुदानाला ते पात्र ठरते. १२ (बी) नसेल तर प्राध्यापकाची कल्पना कितीही चांगली असो, आयोगाच्या पैशावर त्याला हक्क सांगता येत नाही. १९८३ पासून वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर महाविद्यालये काढायला मोकळीक दिली आणि मराठवाड्यातही संस्थांचे पीक आले. यातली कित्येक महाविद्यालये पगारासाठीच झगडत राहिली. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ असा शब्दप्रयोगच शासननिर्णयात आला. अशा संस्थेतल्या शिक्षकाच्या तोंडी अनुदान म्हणजे पगार. संशोधनाचे अनुदान ही त्याच्या दृष्टीने दुसऱ्या मजल्याची गोष्ट, आणि पहिला मजलाच बांधायचा होता.

वाळूज नावारूपाला आले ते याच काळात. गंगापूर तालुक्यातले हे नगर रस्त्यावरचे गाव. १९८० च्या दशकात इथे एमआयडीसीची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बजाजनगर, पंढरपूर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या वस्त्या कामगारांनी भरून गेल्या. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून माणसे आली, तशीच पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. शिक्षण-संशोधकाला लागणारे सगळे साहित्य इथे हजर होते. शिफ्टमध्ये काम करणारे पालक, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, जिल्हा परिषदेच्या शाळेशेजारी उगवलेल्या इंग्रजी शाळा, कंत्राट संपले की वर्षाच्या मध्येच गळणारी मुले. ग्रामपंचायतींच्या हद्दीत शहरासारखी लोकसंख्या आणि शाळा मात्र गावाच्या मापाच्या, ही अडचण तर नकाशावरच दिसते.

या जिल्ह्यातल्या शाळांकडे संशोधनाची नजर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वळली ती कारखान्यांमुळे नव्हे, आकड्यांमुळे. १९९१ च्या जनगणनेत देशातली स्त्री-साक्षरता ३९.२९ टक्के होती. ज्या जिल्ह्यांत ती याहून कमी, तिथे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे डीपीईपी, राबवायचे ठरले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचे पाच जिल्हे होते : औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद. पाचही मराठवाड्यातले. मागासलेपणाची ही पावती होती, पण तिच्याबरोबर पैसाही आला. ८५ टक्के केंद्राचा, १५ टक्के राज्याचा, आणि केंद्राच्या वाट्यामागे जागतिक बँकेचे कर्ज.

कर्ज देणाऱ्याला आधी आणि नंतर असे दोन्ही आकडे हवे असतात. त्यामुळे मुलांना काय येते याची पायाभूत चाचणी, मुलींच्या शिक्षणातल्या अडथळ्यांचा अभ्यास, राज्याच्या शिक्षणखर्चाची तपासणी अशा पाहण्या कार्यक्रमाच्या अटींतच बसवलेल्या होत्या. चौथीच्या मुलाला वजाबाकी येते का, हे तपासायला कोणी तरी गावात येऊ लागले. गटसाधन केंद्रे आणि केंद्रशाळांचे जाळे विणले गेले. १९८६ च्या धोरणातून आलेल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला, म्हणजे ‘डाएट’ला, कृती संशोधनाचे काम मिळाले आणि प्राथमिक शिक्षकाच्या टेबलावर संशोधनाचा अहवाल हा प्रकार प्रथमच दिसू लागला. प्रश्न ठरवले जात होते दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये, हे खरे. पण त्यांच्या निमित्ताने तालुक्यांची जी माहिती जमली, तशी आधी कधीच जमली नव्हती. पुढे सर्व शिक्षा अभियानात संशोधन, मूल्यमापन, पर्यवेक्षण आणि संनियंत्रण या चारही कामांना मिळून दर शाळेमागे वर्षाला १,५०० रुपयांपर्यंतची मर्यादा घातली गेली. चौघांत वाटणी झाल्यावर संशोधनाच्या ताटात काय पडत असेल, याचा अंदाज बांधणे अवघड नाही.

महाविद्यालयीन शिक्षकांचा मार्ग वेगळा होता : विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘मायनर’, म्हणजे लघु, प्रकल्प. १९९० च्या दशकात आयोगाने प्रादेशिक कार्यालये काढली आणि महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांचे लघुप्रकल्प पुण्याच्या कार्यालयातून हलू लागले. अकराव्या पंचवार्षिक योजनेत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांच्या लघुप्रकल्पाची मर्यादा दीड लाख रुपये होती, बाराव्या योजनेत ती तीन लाख झाली. बृहद् प्रकल्पाची अनुक्रमे दहा आणि पंधरा लाख. प्रस्तावाचा साचा ठरलेला असे. शीर्षक, समस्येचे विधान, पूर्वसंशोधन, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना, साधने, कामाचे टप्पे आणि शेवटी अंदाजपत्रक. त्यातही पुस्तके-उपकरणे यांची अनावर्ती रक्कम वेगळी, क्षेत्रभेटी, प्रवास, टंकलेखन यांची आवर्ती रक्कम वेगळी. प्राचार्यांच्या सहीशिवाय कागद पुढे जात नसे. मंजुरी आली की अनावर्ती रक्कम पूर्ण आणि आवर्तीतली निम्मी महाविद्यालयाच्या खात्यावर जमा होई. उरलेल्या निम्म्यासाठी प्रगती अहवाल, खर्चाचे विवरण, सनदी लेखापालाने सही केलेले उपयोगिता प्रमाणपत्र. प्रकल्प संपल्यावर घेतलेली पुस्तके आणि संगणक महाविद्यालयाच्या मालकीचे होत.

या पद्धतीत मुरलेल्या प्राध्यापकांना काही गोष्टी अनुभवाने कळल्या होत्या. विषय मोठा घेतला की प्रस्ताव पडतो. ‘मराठवाड्यातील शिक्षण’ असे शीर्षक दिले तर तज्ज्ञ पहिल्या पानावरच थांबतो. एक तालुका, एक इयत्ता, एक विषय घेतला तर तो अंदाजपत्रकापर्यंत वाचत जातो. शेवटच्या हप्त्याचा पैसा हाती येईपर्यंत काम बहुधा पदरच्या पैशाने पुरे करावे लागते. आणि हिशोबाची चूक संशोधनाच्या चुकीपेक्षा महाग पडते. नमुना चुकला तर शेरा येतो, पावती हरवली तर वसुली.

२०१० च्या आयोगाच्या नियमांनी या प्रकल्पांना अनपेक्षित भाव आला. बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाचे, गुण मोजले जाऊ लागले आणि संशोधन प्रकल्पाला त्यात गुण होते. लघुप्रकल्पांचे अर्ज वाढले. काही कामे खरोखर चांगली झाली. अनेक कामांत प्रश्नावली आधी आणि प्रश्न नंतर, असा उलटा प्रवास झाला. शंभर शिक्षकांना ‘सहमत, असहमत, तटस्थ’ विचारायचे आणि टक्केवारीची कोष्टके मांडायची, हा साचा एवढा रूढ झाला की निष्कर्ष वाचण्याआधीच ओळखता येत. दोष केवळ प्राध्यापकांच्या माथी मारता येणार नाही. गुण प्रकल्प मिळाल्याचे होते, प्रकल्पातून काही उमगल्याचे नव्हते. निकालानुसार अनुदानाच्या काळातल्या मास्तरांनीही वेगळे काय केले होते?

बारावी योजना २०१७ मध्ये संपली आणि पंचवार्षिक योजनाच बंद झाल्या. त्यांच्याबरोबर लघु-बृहद् प्रकल्पांची ही ठराविक वाटही आटली. २०१८ मध्ये केंद्राने सामाजिक शास्त्रांसाठी ‘इम्प्रेस’ ही योजना ४१४ कोटी रुपयांची घोषित केली आणि ती आयसीएसएसआरकडे सोपवली. २०१९ मध्ये आयोगाने ‘स्ट्राइड’ आणली. दोन्हींत शिक्षण हा अनेक विषयांपैकी एक विषय होता. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटींचा संकल्प मोठा आहे, पण त्याचा कल विज्ञान-तंत्रज्ञानाकडे आहे. दुसरीकडे प्रकल्पाच्या पोटातून येणारे संशोधन चालूच राहिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने आलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, आणि तिथेही मूल्यमापन हाच गाभा.

राज्य सरकारचा पैसा या काळात प्रकल्पांपेक्षा व्यक्तींकडे गेला. पुण्याची बार्टी, तिथलीच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, २०१८ मधली सारथी, २०१९ मधली नागपूरची महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. मराठवाड्यातल्या कित्येक घरांत पहिला संशोधक या पैशावर उभा राहिला आणि त्यांत शिक्षणशास्त्राचे विद्यार्थीही आहेत. जागा किती, रक्कम कधीपासून आणि किती काळ, यावरून आझाद मैदानापर्यंत आंदोलनेही झाली. संशोधकाने अर्ज करायचा आणि मग मंजुरीसाठी उपोषणालाही बसायचे, हे दक्षिणेच्या काळात घडले नव्हते. पण तेव्हा या घरांतल्या कोणाला रमण्यात प्रवेशही नव्हता.

वाळूज परिसरातल्या एखाद्या शिक्षकाला वा प्राध्यापकाला आज शाळांविषयी काही शोधायचे झाले, तर मोजकेच मार्ग उरतात. आयसीएसएसआर वेळोवेळी लघु आणि बृहद् प्रकल्पांसाठी प्रस्ताव मागवते. अर्ज ऑनलाइन भरून संस्थाप्रमुखाच्या संमतीसह पाठवावा लागतो. शालेय शिक्षणाशी थेट निगडित विषय असेल तर एनसीईआरटीची ‘एरिक’ योजना अधिक जवळची. जिल्हा परिषदेच्या शिक्षकासाठी डाएटमार्फत कृती संशोधन आणि पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा आहे. त्यांत पैसा थोडा, पण प्रश्न स्वतःच्या वर्गातला घेता येतो. शेजारच्या कारखान्यांकडे २०१३ च्या कंपनी कायद्याखालचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक दायित्वाचा, पैसा आहे. तो वर्गखोल्या, स्वच्छतागृहे आणि संगणक यांवर सहज खर्च होतो. वर्गखोली बांधल्यावर तिच्यात काय घडते हे पाहण्यासाठी तो मिळवायचा, तर कंपनीच्या अधिकाऱ्याला बराच वेळ समजावत बसावे लागते.

केंद्रीय अनुदानाचा पैसा आता पीएफएमएस या ऑनलाइन वित्त-व्यवस्थापन प्रणालीतून येतो आणि त्याचा प्रत्येक हप्ता दिल्लीत पडद्यावर दिसतो. न वापरलेली रक्कम व्याजासह परत करावी लागते. त्यामुळे अंदाजपत्रक लिहिताना आकडे फुगवण्यापेक्षा खर्चाचा महिना नेमका सांगणे महत्त्वाचे झाले आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा अभ्यास असेल, तर क्षेत्रकामाचा खर्च ऑक्टोबर ते मार्च याच काळात दाखवावा लागतो. आर्थिक वर्ष मात्र ३१ मार्चला संपते, आणि टोळ्या परततात त्यानंतर.